ऑक्सिमीटरवर ८६, धमनीत ३८०: मेथहिमोग्लोबिनचं एक प्रकरण

रुग्ण ४६ वर्षांच्या बाई, वजन ६२ किलो. गिळताना घास अडकल्यासारखं वाटतं म्हणून एंडोस्कोपी करायची ठरली होती. जुना आजार नाही, रोजचं औषध नाही, हिमोग्लोबिन १३.८ ग्रॅम. तपासणीआधी घसा बधिर करायला बेंझोकेनचा फवारा मारला. पहिल्यांदा ठसका लागला, म्हणून थोड्या वेळाने पुन्हा मारला. दुर्बीण आत गेली, बाहेर आली, काही विशेष सापडलं नाही. बाईंना निरीक्षण कक्षात आणून झोपवलं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हा कुणा एका व्यक्तीचा केसपेपर नाही. या विकाराचे रुग्ण वैद्यकीय नोंदींत जसे दिसतात, त्या ठरीव चित्रावरून अभ्यासासाठी हे प्रकरण बांधलं आहे. रुग्णाचे आकडे त्यासाठी निवडलेले आहेत. त्यामागचं शरीरशास्त्र मात्र जसंच्या तसं आहे. रक्त ऑक्सिजन कसं वाहून नेतं हे शिकायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही, कारण इथे फुप्फुसं धडधाकट आहेत, हृदय धडधाकट आहे, हवेत ऑक्सिजन भरपूर आहे आणि तरीही पेशींना तो मिळत नाही.

फवाऱ्यानंतर साधारण अर्ध्या तासाने परिचारिकेला बाईंचे ओठ राखाडी-निळे दिसले. नखंही तशीच.

"ताई, दम लागतोय का?"

"दम नाही हो. पण डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय. आणि छातीत धडधडतंय."

नाडी ११८, श्वास मिनिटाला २६, रक्तदाब १०४/७०. बोटावरचा ऑक्सिमीटर ८६ टक्के दाखवत होता. लगेच पिशवीचा मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला, मिनिटाला १५ लिटर. पाच मिनिटांनी आकडा ८६. चिमटा दुसऱ्या बोटाला लावला, ८५. यंत्र बदललं, पुन्हा ८६.

अशा वेळी डोक्यात पहिल्यांदा येतात ती कारणं सगळी फुप्फुसाची असतात. पोटातलं पाणी श्वासनलिकेत गेलं असेल, गुंगीच्या औषधाने श्वास मंदावला असेल, अन्ननलिकेला छिद्र पडून छातीत हवा भरली असेल. पण गुंगीचं औषध दिलंच नव्हतं, श्वास मंद नाही तर उलट जोरात चालला होता आणि छातीला दोन्ही बाजूंनी हवा स्वच्छ ऐकू येत होती. शिवाय एवढा ऑक्सिजन दिल्यावर आकडा थोडा तरी हलायला हवा होता. तो ८५-८६ ला चिकटून बसला, ही या प्रकरणातली पहिली खूण.

दुसरी खूण सिरिंजमध्ये आली. मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं, नाडीच्या ठेक्यावर सिरिंज आपोआप भरत गेली, म्हणजे सुई धमनीतच होती. पण रक्ताचा रंग लाल नव्हता. काळपट तपकिरी, चॉकलेटी. निवासी डॉक्टरांनी त्याचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाकला आणि शेजारी दुसऱ्याच एका नमुन्यातला, शिरेच्या गडद रक्ताचा थेंब टाकला. शिरेच्या रक्ताचा थेंब हवा लागताच उजळत गेला आणि लाल झाला. बाईंचा थेंब तपकिरी होता तो तपकिरीच राहिला. ज्या रक्तात फक्त ऑक्सिजन कमी आहे, ते हवेत लाल होतं. जे होत नाही, त्याच्या हिमोग्लोबिनमध्येच काहीतरी बिघडलेलं असतं. ही तपासणी फुकटची आहे, मिनिटभराची आहे, आणि माझ्या मते ती प्रत्येक आपत्कालीन विभागात अंगवळणी पडायला हवी.

दोन आकडे, एकमेकांना न जुळणारे

रक्तवायू तपासणीचा अहवाल आला. पीएच ७.४४, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३१ मिमी पारा, ऑक्सिजनचा दाब ३८० मिमी पारा, संपृक्तता (हिमोग्लोबिनचा ऑक्सिजनने भरलेला भाग) ९९ टक्के. लॅक्टेट ३.४, म्हणजे वाढलेलं. बोटावर ८६ आणि कागदावर ९९. रुग्ण निळा, आणि धमनीतला ऑक्सिजनचा दाब हवेत श्वास घेणाऱ्या निरोगी माणसाच्या जवळजवळ चौपट.

इथे यंत्र बिघडलं म्हणून मोकळं होता येत नाही. दोन्ही यंत्रं आपापलं काम बरोबर करत होती. ती काय मोजतात, एवढंच नीट पाहायला हवं.

ऑक्सिजनचा दाब रक्ताच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवरून मोजतात. फुप्फुसातल्या हवेतून ऑक्सिजन रक्तात उतरतो की नाही, हे तो सांगतो. हिमोग्लोबिनबद्दल तो काहीच सांगत नाही. हिमोग्लोबिन अर्धं असो, निकामी असो, विरघळलेला ऑक्सिजन तेवढाच राहतो. आणि कागदावरची ९९ टक्के संपृक्तता मोजलेली नव्हतीच. अनेक यंत्रं दाब आणि पीएच घेतात, हिमोग्लोबिन नेहमीसारखं आहे असं गृहीत धरतात आणि संपृक्तता हिशेबाने काढतात. गृहीतच चुकलं तर उत्तर कितीही नेटकं दिसलं तरी निरुपयोगी.

बोटावरच्या ऑक्सिमीटरची गोष्ट वेगळी. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर हे यंत्र चालतं. ते बोटातून दोन प्रकाश सोडतं, सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, रिकामं हिमोग्लोबिन जास्त. नाडीबरोबर बदलणाऱ्या शोषणाचं गुणोत्तर काढून यंत्र आपल्याजवळच्या तक्त्यात टक्केवारी शोधतं. मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन धरू न शकणारं बिघडलेलं हिमोग्लोबिन, या दोन्ही प्रकाशांना जवळपास सारखंच शोषतं. ते जितकं वाढेल तितकं गुणोत्तर १ कडे सरकतं आणि तक्त्यात १ च्या समोर लिहिलेलं असतं ८५ टक्के. म्हणून अशा रुग्णाचा आकडा ८५ च्या आसपास येऊन थांबतो. मेथहिमोग्लोबिन ३५ टक्के असो की ५५, यंत्र तेच सांगतं. पंच्याऐंशीवर अडकलेला आणि ऑक्सिजन देऊनही न हलणारा आकडा म्हणूनच इतका बोलका असतो.

दोन संपृक्ततांमध्ये ५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला की को-ऑक्सिमीटरवर नमुना टाकायचा असतो. ते यंत्र अनेक तरंगलांबींचे प्रकाश वापरून हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार वेगळा मोजतं. उत्तर आलं: ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन ५७ टक्के, मेथहिमोग्लोबिन ४२ टक्के. निरोगी माणसात ते १ टक्क्याच्या आसपास असतं.

लोहाचा एक इलेक्ट्रॉन

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्रथिनाच्या चार साखळ्या असतात आणि प्रत्येक साखळीत एक हीम. हीमच्या मधोमध लोहाचा एक अणू, आणि तो ऑक्सिजनचा एक रेणू धरतो. एका तांबड्या पेशीत असे सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू असतात. लोह फेरस रूपात, म्हणजे दोन धनभारांचं असेल तरच ऑक्सिजन धरता येतो. त्यातला आणखी एक इलेक्ट्रॉन निघून गेला की लोह फेरिक होतं. मग त्या जागी पाण्याचा रेणू येऊन बसतो आणि ऑक्सिजनला तिथे थारा उरत नाही. फेरिक लोहाचं हे हिमोग्लोबिन म्हणजेच मेथहिमोग्लोबिन.

हे आपल्या सगळ्यांच्या रक्तात रोज थोडं थोडं होतच असतं. लोह ऑक्सिजन धरतं तेव्हा आपला इलेक्ट्रॉन काही अंशी त्याच्याकडे झुकवतं. सोडताना बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन परत येतो, क्वचित ऑक्सिजनबरोबर निघून जातो. दिवसाकाठी हिमोग्लोबिनचा एखाद-दोन टक्के भाग असा फेरिक होतो. तांबड्या पेशीतलं सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) तो लगोलग दुरुस्त करतं, आणि त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन पेशी ग्लुकोज मोडून मिळवते. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन जाळून ऊर्जा बनवणारे भाग, नसतात, त्यामुळे ती वाहून नेत असलेल्या ऑक्सिजनपैकी स्वतःसाठी काही जाळत नाही. तिची सगळी ऊर्जा ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडून येते आणि त्यातलाच एक वाटा हिमोग्लोबिन कामाजोगं ठेवण्यात खर्च होतो. ही व्यवस्था मला फार सुंदर वाटते.

बेंझोकेन शरीरात बदलून जे पदार्थ तयार होतात, ते काही जणांमध्ये लोहाचं हे रूपांतर एकदम वेगाने घडवतात आणि दुरुस्ती मागे पडते. कुष्ठरोगावरचं औषध डॅप्सोन, नायट्राइट, अॅनिलिनसारखी रसायनं यांचंही तेच. अगदी तान्ह्या बाळांमध्ये हे विकर अजून कमी असतं, म्हणून नायट्रेट जास्त असलेल्या पाण्याचा त्यांना धोका असतो.

बाईंच्या रक्तातलं १३.८ पैकी ५.८ ग्रॅम हिमोग्लोबिन निकामी झालं होतं. त्वचा निळी दिसायला नुसतं रिकामं हिमोग्लोबिन साधारण ५ ग्रॅम लागतं. मेथहिमोग्लोबिन मात्र दीड ग्रॅम पुरतं, इतका त्याचा रंग गडद असतो. म्हणूनच रुग्ण आधी निळा पडतो आणि त्रास मागाहून सुरू होतो.

हिशेब केला तर

आता खरा प्रश्न. ५.८ ग्रॅम गेलं, तरी ८ ग्रॅम शिल्लक होतं. ८ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेले पांडुरोगाचे कितीतरी रुग्ण चालत दवाखान्यात येतात. मग या बाईंना झोपल्या जागी डोकं हलकं का वाटत होतं? लॅक्टेट का वाढलं होतं?

एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरल्यावर १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. विरघळलेला ऑक्सिजन अगदीच किरकोळ, १०० मिलिलिटर रक्तात दर मिमी दाबाला ०.००३ मिलिलिटर. बाई बऱ्या होत्या तेव्हा त्यांच्या १०० मिलिलिटर धमनीरक्तात साधारण १८.४ मिलिलिटर ऑक्सिजन होता, त्यात विरघळलेला जेमतेम ०.३. हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त फेकतं असं धरलं, तर शरीराला मिनिटाला ९२० मिलिलिटर पोचत होता. स्वस्थ पडलेल्या शरीराची गरज अडीचशेच्या आसपास. म्हणजे जेवढं पोचतं त्याचा चौथा हिस्सा वापरला जातो, बाकीचा परत येतो.

आजारात ८ ग्रॅमचे १०.७ आणि ३८० दाबाला विरघळलेले १.१, मिळून ११.८ मिलिलिटर. त्याच गतीने मिनिटाला ५९०. गरजेच्या दुपटीहून जास्त. हृदय तर आणखी जोरात धावत होतं. कागदावर पाहिलं तर चिंतेचं कारण दिसत नाही.

कारण वाहून नेणं हे अर्धंच काम आहे. नेलेला ऑक्सिजन योग्य जागी सुटायला हवा, आणि बिघाड तिथे होता.

हिमोग्लोबिनच्या चार जागा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. रेणूची एक घट्ट ठेवण असते, तीत ऑक्सिजनची ओढ कमी, आणि एक सैल ठेवण असते, तीत ओढ खूप जास्त. रिकामा रेणू घट्ट असतो. एका हीमने ऑक्सिजन धरला की तिथलं लोह किंचित सरकून हीमच्या पातळीत येतं, आपल्याला जोडलेल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाला ओढतं, आणि ती ओढ साखळीतून पुढे जाऊन सबंध रेणूला सैल ठेवणीकडे लोटते. मग पुढच्या जागा झपाट्याने भरतात. सोडतानाही तसंच: एक सुटला की बाकीचे सुटायला सोपे जातात. केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांनी हिमोग्लोबिनची रचना उलगडली, १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल जॉन केंड्र्यू यांच्याबरोबर त्यांना मिळालं, आणि लोहाच्या या हालचालीचा अर्थ त्यांनी पुढे १९७० मध्ये मांडला.

या परस्पर-सहकार्यामुळे दाब आणि संपृक्तता यांचा आलेख इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. फुप्फुसात दाब १०० च्या आसपास, तिथे हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरतं. दाब ६० पर्यंत घसरला तरी ९० टक्के भरलेलंच, म्हणजे भरण्याच्या बाजूला मोठी सूट. पण ४० ला ७५ टक्के, २७ ला ५० टक्के. ऊतींमध्ये जिथे दाब इतका उतरतो, तिथे आलेख कड्यासारखा खाली येतो आणि दाबातल्या थोड्या घसरणीला भरपूर ऑक्सिजन मोकळा होतो. ज्या दाबाला निम्मं हिमोग्लोबिन भरलेलं असतं त्याला पी-५० म्हणतात. निरोगी प्रौढात तो २६-२७ मिमी.

आलेख जागच्या जागी खिळलेलाही नसतो. राबणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढते, तापमान वाढतं. त्याने रेणू घट्ट ठेवणीकडे झुकतो, आलेख उजवीकडे सरकतो आणि जिथे गरज जास्त तिथेच ऑक्सिजन जास्त सुटतो. क्रिस्टियन बोर यांनी हासेलबाल्ख आणि क्रोघ या सहकाऱ्यांसह १९०४ मध्ये कोपनहेगनला दाखवलेला हा परिणाम. पांडुरोगात तांबड्या पेशी २,३-डीपीजी नावाचा पदार्थ वाढवतात. तो घट्ट ठेवणीतल्या रेणूच्या मधल्या पोकळीत बसून तिला टेकू देतो. म्हणून ८ ग्रॅमचा जुना पांडुरोगी, जवळ थोडंच असलं तरी ते सढळ हाताने सोडतो. त्याचं शरीर काही आठवड्यांत हे शिकलेलं असतं.

बाईंच्या रक्तात याच्या नेमकं उलट घडत होतं. ४२ टक्के हीम फेरिक झाले, याचा अर्थ १०० पैकी ४२ रेणू पूर्ण निकामी आणि ५८ पूर्ण चांगले असा नाही. फेरिक हीम सगळीकडे विखुरलेले असतात: कुठे चारात एक, कुठे दोन, कुठे तीन. आणि फेरिक हीमवर बसलेलं पाणी रेणूला ऑक्सिजन बसल्यासारखंच भासतं. त्यामुळे उरलेल्या चांगल्या जागा सैल ठेवणीत अडकून पडतात. ऑक्सिजन त्या उत्साहाने धरतात, सोडायला मात्र तयार नसतात. डार्लिंग आणि रफ्टन यांनी १९४२ मध्ये मोजून दाखवलं, की मेथहिमोग्लोबिन वाढत जातं तसा उरलेल्या हिमोग्लोबिनचा आलेख डावीकडे सरकतो आणि त्याचं वळणही सपाट होत जातं.

याने फरक किती पडतो, ते आकड्यांत पाहू. १०० मिलिलिटर रक्तातून ऊतींना ५ मिलिलिटर ऑक्सिजन काढून घ्यायचा आहे. बऱ्या असताना एवढा काढल्यावर हिमोग्लोबिन ७२ टक्के भरलेलं उरतं आणि दाब सुमारे ३८ राहतो. ८ ग्रॅमच्या पांडुरोग्याला तेवढाच ऑक्सिजन लावला, तर ५ मिलिलिटर काढल्यावर संपृक्तता ६३ टक्के आणि दाब ३२-३३. आता बाईंचा पी-५० सरकून १८ झाला असं समजू. त्याच ६३ टक्क्यांना त्यांच्या रक्तात दाब उरतो फक्त २२-२३. हिमोग्लोबिन तेवढंच, ऑक्सिजन तेवढाच, दाबात दहा मिमीची तूट.

दहा मिमी म्हणजे काही फार नाही, असं वाटू शकतं. पण केशवाहिनीतून पेशीकडे ऑक्सिजनला ढकलणारं दुसरं काहीच नसतं. तो केवळ दाबाच्या उतारावरून घरंगळतो. मायटोकॉन्ड्रियाला मोजक्या काही मिमी दाबातही काम भागवता येतं, मात्र केशवाहिनीपासून दूरच्या पेशीपर्यंत पोचेतो वाटेतल्या पेशी आपापला वाटा घेत असतात. सुरुवातीचा दाब ३८ वरून २२ वर आला की शेवटच्या पेशीच्या वाट्याला काही उरत नाही. ती ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडू लागते आणि लॅक्टेट चढतं. हृदयाचा स्नायू एरवीच आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन काढून घेतो, त्याच्याकडे आणखी काढायला फारशी जागा नसते. बाईंच्या छातीत धडधडत होतं याचं मला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते त्या अजून नीट बोलत होत्या याचं.

डावीकडे सरकलेला आलेख नेहमीच वाईट नसतो, हे इथे नोंदवायला हवं. पोटातल्या बाळाच्या हिमोग्लोबिनचा पी-५० २० च्या आसपास असतो. वारेतल्या कमी दाबाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन उचलायचा तर ओढ जास्तच हवी. बाळाचा सगळा कारभार कमी दाबावर चालतो, हिमोग्लोबिनही भरपूर असतं, म्हणून ते जमतं. बाईंचा आलेख बाळासारखा झाला, शरीर मात्र मोठ्या माणसाचं राहिलं.

कार्बन मोनॉक्साइडही हीच दुहेरी इजा करतो: जागा अडवतो आणि उरलेल्या जागा सैल ठेवणीत अडकवतो. तिथे रक्त लालभडक राहतं आणि बोटावरचा ऑक्सिमीटर जवळपास नेहमीचा आकडा दाखवतो. फसवणूक म्हणून ती जास्त घातक.

निळं औषध

मेथहिमोग्लोबिन २० ते ३० टक्क्यांत डोकेदुखी आणि थकवा, ३० ते ५० मध्ये धाप आणि चक्कर, ५० च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडणं, झटके, बेशुद्धी, आणि ७० च्या पुढे बहुधा मृत्यू. बाई ४२ वर होत्या आणि आकडा अजून चढत असण्याची शक्यता होती. थांबण्यात अर्थ नव्हता.

औषध मिथिलीन ब्लू. तांबड्या पेशीत दुरुस्तीची आणखी एक वाट असते. तिथलं विकर एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू वापरतं, पण एरवी ते जवळपास रिकामंच बसून असतं, कारण त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन हिमोग्लोबिनपर्यंत नेणारं पेशीत कुणी नसतं. मिथिलीन ब्लू तो इलेक्ट्रॉन घेतं, त्याने रंगहीन होतं, फेरिक लोहाला इलेक्ट्रॉन देऊन त्याला फेरस करतं आणि पुन्हा निळं होऊन पुढच्या फेरीला लागतं.

यात दोन अटी आहेत. एनएडीपीएच हवं, आणि तांबड्या पेशीला ते जी-सिक्स-पीडी या विकराच्या वाटेनेच मिळतं. ज्यांच्यात हे विकर जन्मतः कमी असतं त्यांच्यात औषध लागू पडत नाही, उलट तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून आधी विचारलं: लहानपणी कधी कावीळ होऊन रक्त चढवावं लागलं होतं का, एखाद्या औषधाने लघवी काळी झाली होती का, घरात कुणाला असं काही? सगळ्याला उत्तर नाही. दुसरी अट मात्रेची. किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम पुरतं, ७ च्या पुढे गेलं तर तेच औषध स्वतः मेथहिमोग्लोबिन तयार करू लागतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबरही ते धोकादायक ठरतं, तेही विचारून घेतलं. मग १ टक्का द्रावणाचे ६ मिलिलिटर, म्हणजे ६० मिलिग्रॅम, शिरेतून पाच मिनिटांत सावकाश दिले.

औषध जात असतानाच ऑक्सिमीटर ८६ वरून ६८ वर घसरला. माहीत नसेल तर या क्षणी हात थांबतो. पण मिथिलीन ब्लू ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश प्रचंड शोषतं, आणि यंत्राला ते रिकाम्या हिमोग्लोबिनसारखं दिसतं. बाईंची नाडी आणि श्वास बिघडले नव्हते, बोलणं स्पष्ट होतं. आकडा बाजूला ठेवून रुग्णाकडे पाहत औषध पूर्ण दिलं. काही मिनिटांत आकडा पुन्हा वर आला.

अर्ध्या तासात ओठ गुलाबी झाले, नाडी ९२ वर आली. तासाभराने को-ऑक्सिमीटरवर मेथहिमोग्लोबिन ६ टक्के, लॅक्टेट १.८. गॉजवर नवा थेंब टाकला, तो लाल होता. औषधाने लघवी हिरवट-निळी होते, ते बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्या घाबरल्या नाहीत.

लगेच घरी मात्र सोडलं नाही. बेंझोकेन शरीरात रेंगाळतं आणि काही तासांनी मेथहिमोग्लोबिन पुन्हा चढू शकतं. डॅप्सोनच्या रुग्णांत तर हे बऱ्याचदा होतं, तिथे मात्रा पुन्हा द्यावी लागते. रात्रभर ठेवून दर काही तासांनी नमुना तपासला. सकाळी १.४ टक्के.

जी-सिक्स-पीडी कमी असता तर काय केलं असतं, हे या चर्चेत नेहमी विचारलं जातं. शिरेतून क जीवनसत्त्व देता येतं, ते लोहाला थेट इलेक्ट्रॉन देतं, पण सावकाश. फारच गंभीर असेल तर रुग्णाचं रक्त काढून दात्याचं घालतात, किंवा जास्त दाबाच्या कक्षात ठेवून विरघळलेल्या ऑक्सिजनवर वेळ काढतात. तीन वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला, तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ६ मिलिलिटर नुसता विरघळून राहतो, आणि स्वस्थ शरीराला लागतो ५. आम्सटरडॅमचे शल्यविशारद इटे बुरेमा यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डुकरांचं रक्त जवळजवळ सगळं काढून, प्लाझ्मासारख्या द्रवावर, अशाच कक्षात त्यांना जिवंत ठेवून दाखवलं होतं. फेरिक लोहाचा एक उपयोगही आहे: सायनाइडच्या विषबाधेत नायट्राइट देऊन मुद्दाम थोडं मेथहिमोग्लोबिन तयार करतात, कारण फेरिक लोह सायनाइडला घट्ट पकडून मायटोकॉन्ड्रियापासून दूर ठेवतं. अर्थात रुग्णाचं बाकीचं हिमोग्लोबिन धड असेल तरच.

बाईंना सोडताना हातात एक कार्ड दिलं: बेंझोकेन आणि त्याच्या जवळची औषधं, डॅप्सोन, नायट्राइट टाळावेत, आणि पुढे कधीही घसा किंवा हिरड्या बधिर करायच्या झाल्या तर हे कार्ड आधी दाखवावं. जी-सिक्स-पीडी आणि सायटोक्रोम बी-५ रिडक्टेज या दोन्ही विकरांची तपासणी काही आठवड्यांनी करायची ठरली.